सेकोन्दोच्या तोंडावरची तिर्री

माझ्या नवऱ्याचं तोंड वाकडं झालं ते द्राक्षांच्या तोडणीत. सेकोन्दो भर उन्हात घामाने निथळत होता आणि तसाच माझ्या भावाच्या गाडीत खिडकी उघडी टाकून झोपला. उठला तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू ओल्या टॉवेलसारखी लोंबत होती आणि तोंड सगळं उजवीकडे ओढलेलं. मी किंचाळले. तो म्हणाला, "काय झालं?" पण ते "फाय फालं" असं ऐकू आलं, तशी मी आणखी किंचाळले. त्याचं पुढचं बोलणं मी सरळ करूनच सांगते.

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. म्हणाल्या, "घाबरू नका, मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस सुजलीय. हळूहळू येईल ताळ्यावर. कधी, ते मात्र सांगता येत नाही."

"वारं लागलं ना?" मी विचारलं.

"वाऱ्याने असं होत नाही, सिन्योरा."

पोर शिकलेली आहे, गोड आहे, पण घामेजल्या मानेवर वारं लागलं की काय होतं हे तिला कोण सांगणार? अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बेकरीवालीने मला दारातच विचारलं, "कुठली खिडकी होती गं, पुढची की मागची?"

आमच्या रोमान्या प्रांतात माणूस नोकरीतून निवृत्त झाला की दोन जागा उरतात, चौकातला बार आणि कबर. सेकोन्दो जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त करत फिरला आणि निवृत्त झाल्यापासून जेवण झालं की बारमध्ये पत्ते खेळायला जायचा. दिवेलागणीला परत. कोपऱ्यावर आला की शीळ घालायचा. मी खिडकी उघडली की शीळ थांबायची आणि मी पास्त्याचं पाणी चुलीवर ठेवायची. खिडकी उघडली नाही तर पुन्हा शीळ, आणखी मोठ्याने. "अरे मेल्या, मी काय बहिरी आहे?" असं मी रोज ओरडायची. पण दुपार सगळी माझी असायची. घर माझं, रेडिओ माझा, खुर्ची माझी.

तोंड वाकडं झाल्यावर तो एकदाच बारमध्ये गेला. आता त्या दिवशी काय झालं ते कळायचं तर आमचे पत्ते समजून घ्यायला हवेत. खेळाचं नाव ब्रिस्कोला. दोघं भिडू समोरासमोर बसतात, आणि प्याले, तलवारी, नाणी, सोटे या चार रंगांपैकी एकाचा हुकूम असतो. एक्का सगळ्यांत मोठा, त्याच्या खालोखाल तिर्री, राजा बिचारा तिसरा. उतारीचाच रंग टाकायची सक्ती नाही, आणि जो हात जिंकतो त्याला त्यातल्या पत्त्यांचे गुण. डाव चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही, पण तोंडाने खुणा करायला पूर्ण मुभा आहे. हुकमाचा एक्का हातात असेल तर ओठ आवळायचे. राजा असेल तर डोळे आभाळाकडे. आमच्यात राणीऐवजी घोडेस्वार असतो, तो असेल तर खांदा उडवायचा. गुलाम असेल तर जिभेचं टोक. आणि हुकमाची तिर्री असेल तर तोंड एका बाजूला वाकडं करायचं.

आलं का लक्षात?

दुइलियो हा सेकोन्दोचा जुना भिडू, आमच्या लग्नाच्याही आधीपासूनचा. बिचारा समोर बसला, पत्ते उचलले, वर बघतो तर सेकोन्दोच्या तोंडावर तिर्री. पुढच्या डावाला तिर्री. त्याच्या पुढच्यालाही तिर्री. त्यात सेकोन्दोची डावी पापणी मिटत नव्हती. मिटायला गेला की नुसतं बुबुळ वर जायचं, म्हणजे राजासुद्धा! दुइलियोला कळत होतं हो, पण वर्षानुवर्षांची सवय कशी जाणार? तिर्रीच्या भरवशावर तो आपले भारी पत्ते उधळत गेला आणि सगळे डाव हरला. वर कॉफी पिताना सेकोन्दोच्या डाव्या ओठातून कॉफी सदऱ्यावर गळली. कोणीतरी हसलं. आणि हरलेला दुइलियो टेबलावर हात आपटून म्हणाला, "आधी तोंड दुरुस्त कर, नाहीतर घरी बस!"

सेकोन्दो घरी बसला.

बसला म्हणजे बसलाच. चर्चला नाही, न्हाव्याकडे नाही, भावाच्या मुलाच्या साखरपुड्याला नाही. दिवसभर माझ्या खुर्चीत. शीळ घालून बघायचा, तर नुसतं "फूऽ फूऽ". माझी मोठी बहीण आर्मांदा, तिचा नवरा असाच रुसून घरात बसला होता. बसून बसून खुर्ची झाला आणि एका हिवाळ्यात गेला. मला तेच दिसायला लागलं. हा नाताळपर्यंत असाच बसला तर पुन्हा उठायचा नाही, हे मी ओळखून होते. भीतीने माझी झोप उडाली होती, पण त्याच्यासमोर मी फक्त खुर्चीवरून भांडायची.

आमची मुलगी मोनिया बोलोन्यात असते. ती एका रविवारी आली आणि बापाच्या हातात एक खेळायचं यंत्र ठेवलं. ताटलीएवढं, मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. "बाबा, यात सगळे जुने खेळ आहेत. बुद्धिबळ, डोमिनो, सोंगट्या, पत्त्यांचे तर कितीतरी. ब्रिस्कोलासुद्धा आहे. आणि यातल्या भिडूला तुमचं तोंड दिसत नाही."

पोरीची जीभ माझ्यावर गेली आहे.

पहिले काही दिवस बरे गेले म्हणायचे. बुद्धिबळात त्याला यंत्राने हाणलं, तेव्हा म्हणाला, हा खेळ बिनकामाच्या लोकांचा. डोमिनोत जिंकत होता, पण सोंगटी ठेवताना ती आपटायची सवय. तिथे आपटायला सोंगटी कुठली? त्याने यंत्रच टेबलावर आपटलं. मोनियाचा फोन आला तेव्हा मी सांगितलं. ती ओरडली, "आई, ते महाग आहे!" म्हणून मी टेबलावर जुनी रजई पसरली. मग तो रजईवर आपटायला लागला.

शेवटी गाडी ब्रिस्कोलावर आली आणि माझ्या घराचा बार झाला. यंत्रात त्याचा भिडू होता टोपी घातलेलं एक अस्वल. समोर एक कोल्हा आणि एक घुबड. एकदा मी भांडी विसळताना मागे वळून बघते तर सेकोन्दो यंत्राकडे तोंड करून जिभेचं टोक दाखवतोय. मग खांदा उडवला. मग डोळे वर.

"काय रे, कोणाला वेडावतोयस?"

"गुलाम आहे माझ्याकडे. सांगतोय त्याला."

"अस्वलाला?"

"मग काय घुबडाला सांगू? घुबड समोरच्या पार्टीत आहे!"

"अरे देवा! त्याला दिसतं का ते?"

"दिसत नाही ना, तेच तर दुखणं आहे," तो यंत्र रजईवर आपटत म्हणाला. "मी इथे घसा फोडून खुणा करतोय आणि हा गाढव टोपी सावरत बसलाय. याने जन्मात बार पाहिला नसेल!"

"मोनियाने म्हणूनच तर दिलं. त्याला तुझं तोंड दिसू नये म्हणून."

यावर त्याने यंत्र उचलून पुढचा डाव मांडला. पण त्याचं खरं दुखणं पुढेच होतं. डाव संपला की आमच्याकडे खरा खेळ सुरू होतो. तो पत्ता का टाकलास, मी राजा दाखवला तेव्हा तुझे डोळे फुटले होते का, तुझ्या बापालाही खेळता येत नव्हतं. हे यथासांग झाल्याशिवाय पत्ते पिसतच नाहीत. आणि यंत्र काय करायचं? जिंका नाहीतर हरा, पडद्यावर फुगे सोडून म्हणायचं, "छान खेळलात!"

"हरलो तरी छान?" सेकोन्दो ओरडला. "निवेस, हा कोल्हा माझी टिंगल करतोय! बारमध्ये कोणी असं म्हटलं असतं तर बत्तिशी हातात दिली असती."

एकदा तर रागाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरले. म्हटलं, हे यंत्र याला उभारी द्यायच्या ऐवजी खचवतंय. मी हात पुसले, खुर्ची ओढली आणि समोर बसले.

"दे इकडे. मी होते तुझी भिडू. त्या अस्वलाला हाकल."

"तुला कुठे खुणा येतात?"

ते खरं होतं. आम्ही बायका स्वयंपाकघरात खेळतो तेव्हा खुणाबिणा नसतात, आम्ही सरळ म्हणतो, "ए, तिर्री माझ्याकडे आहे हं." पण शिकायला काय लागतं? यंत्रात दोन माणसांची सोय होती. एकाने पत्ता टाकला की पडदा कोरा व्हायचा आणि म्हणायचा, आता भिडूच्या हातात द्या. दुसऱ्याने घ्यायचं, आपले पत्ते बघायचे, टाकायचा. यंत्र रजईवरून इकडून तिकडे, आणि मध्ये आमची तोंडं चालू. कोल्ह्या-घुबडाला काही पत्ता नाही.

तेव्हा मला कळलं की त्याची प्रत्येक खूण अर्ध्या तोंडात अडकते. एक्क्याला ओठ आवळले की डावी बाजू उघडीच. राजाचं बुबुळ आपोआप वर. मग आम्ही नव्या खुणा बसवल्या. राजा असेल तर जमिनीकडे बघायचं. एक्का असेल तर उजवी भुवई. तिर्रीचं काय करायचं ते सुचेना, कारण तिर्री तर कायमचीच तोंडावर. शेवटी आरशासमोर उभं राहून त्याने उजवी बाजू ताकदीने खाली ओढून धरली, तेव्हा तोंड कसंबसं एका रेषेत आलं.

"हीच," मी म्हटलं. "तोंड वाकडं असेल तर काही नाही. सरळ झालं तर तिर्री."

"म्हणजे सगळ्या जगाच्या उलट."

"लग्नापासून तू दुसरं काय करतोयस?"

हळूहळू आम्ही कोल्ह्याला हरवायला लागलो. एवढंच नाही, डाव संपला की मनसोक्त भांडायलाही लागलो. "घोडेस्वार कशाला घालवलास, म्हातारे?" "तुझं तोंड बघून मला वाटलं तुला झटका आला!" यंत्र आपलं बापडं "छान खेळलात" म्हणत बसायचं. माझी दुपार गेली, रेडिओ गेला, आणि खरं सांगते, मला मजा यायला लागली. त्याला बाजारात पाठवायची आणि तेवढ्यात अस्वलाबरोबर एक हात उरकून घ्यायची. त्याला हे ठाऊक नव्हतं. पण घर काही बार नव्हे. बाजारात जायचा तोसुद्धा मागच्या गल्लीने, मफलर नाकापर्यंत ओढून.

सान मार्तीनोच्या सणाला नवी वाईन उघडतात, चेस्टनट भाजतात आणि चौकातल्या बारमध्ये ब्रिस्कोलाची स्पर्धा होते. बक्षीस म्हणजे डुकराच्या तंगडीचं मुरवलेलं अख्खं हॅम. मी बारची मालकीण इओले हिच्याकडे गेले आणि आमची दोघांची नावं देऊन आले. घरी येऊन सांगितलं, तर तो पांढराफटक पडला.

"हसतील सगळे."

"हसू देत. तुझं तोंड वाकडं आहे, पत्ते तर सरळ आहेत ना?"

"मी येणार नाही."

"ऐक, सेकोन्दो." मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, म्हणजे बसायला गेले, गुडघ्यांनी ऐकलं नाही, म्हणून खुर्चीच्या हातावर बसले. "खोटी खूण करायला आपल्याकडे बंदी आहे का?"

"नाही. ज्याला जमेल त्याने करावी."

"मग? तुझं तोंड दिवसभर फुकटात खोटं बोलतंय. समोरचा प्रत्येक डावाला तिर्रीला घाबरणार. खरं काय ते फक्त मला माहीत. असं हत्यार अख्ख्या रोमान्यात कोणाकडे नाही, आणि तू ते मफलरमध्ये गुंडाळून फिरतोस!"

त्याने खुंटीवरच्या मफलरकडे पाहिलं. मग उजवी भुवई उडवली. एक्का. मी जिंकले.

स्पर्धेला बार खच्चून भरला होता. आम्ही आत शिरलो तशा सगळ्या माना वळल्या. बायको भिडू म्हणून कोणी आणलीच नव्हती आजवर, त्यामुळे निम्मे लोक त्याच्याकडे आणि निम्मे माझ्याकडे बघत होते. हे बरं झालं. सेकोन्दोने मफलर काढला, पण कॉफी नको म्हणाला. वाईनही नको म्हणाला. सदऱ्यावर गळेल ही भीती. मी पत्ते उचलले.

आणि काय सांगू! पहिल्या जोडीने सेकोन्दोचं तोंड पाहिलं आणि हातातले भारी पत्ते छातीशी कवटाळून बसली. डाव संपला तरी सोडेनात. दुसऱ्या जोडीतला म्हणाला, "हे काही खरं नाही, मला त्याच्याकडे बघताच येत नाही." "मग माझ्याकडे बघ," मी म्हटलं. ते मला बघत बसले आणि हरले.

शेवटच्या फेरीत समोर कोण? दुइलियो. त्याने औषधवाल्या बाल्दीनीला भिडू घेतलं होतं. दुइलियो मान खाली घालून बसला. सेकोन्दोला नमस्कार नाही की चमत्कार नाही. त्याला लाज वाटत होती हे मला दिसत होतं, पण लाज वाटली की पुरुष तिरसट होतात.

हुकूम प्याल्यांचा होता. डाव तुल्यबळ चालला. हुकमाचा एक्का कधीच खेळून गेला होता. तिर्री अजून बाहेर यायची होती. माझ्या हातात तलवारींचा एक्का, अकरा गुणांचा, आणि बाकी किरकोळ. दुइलियोची उतारी होती, मग मी, मग बाल्दीनी आणि शेवटी सेकोन्दो.

दुइलियोने माझ्याकडे बघून टोमणा मारला, "निवेस, पत्ते आहेत ते, पालेभाजी नव्हे. किती निवडशील?"

"दुइलियो," मी म्हटलं, "तुझी बायको मला सांगते, तू झोपेतसुद्धा चुकीचा पत्ता टाकतोस आणि वर घोरतोस."

बार फुटला हसून. इओलेच्या हातातून चमचे पडले. दुइलियोचे कान लाल झाले आणि त्याने हुकमाचा राजा ठाणकन टेबलावर हाणला.

मी सेकोन्दोकडे पाहिलं.

तोंड सरळ! अगदी सरळ. आरशासमोर महिनाभर साधलं नव्हतं इतकं सरळ. म्हटलं, शाबास माझ्या राजा! तिर्री तुझ्याकडे, तू शेवटी खेळणार, दुइलियोचा राजा मारणार. मग मी त्यात जेवढं घालीन तेवढं आपलंच. मी छाती काढून तलवारींचा एक्का टाकला.

बाल्दीनी माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला घर बक्षीस दिलं. मग त्याने हळूच नाण्यांची तिर्री टाकली. आणखी दहा गुण. आता सेकोन्दो. सेकोन्दोने एक्क्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सोट्यांची चौकी टाकली. चौकी! शून्य गुणांची!

पंचवीस गुण दुइलियोच्या घरात. पुढच्याच हाताला हुकमाची तिर्री बाल्दीनीकडून आली. त्याने हशा चालू असताना तोंड वाकडं केलेलं अख्ख्या बारने पाहिलं होतं. मी सोडून. मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते.

आम्ही हरलो. हॅम गेलं. माझा तोल सुटला.

"गाढवा! मूर्खा! तिर्री नव्हती तर तोंड सरळ कशाला केलंस?"

"मी कुठे केलं?"

"मी डोळ्यांनी पाहिलं! काठीसारखं सरळ होतं!"

"अगं, मी हसलो," सेकोन्दो म्हणाला. "तू ते घोरण्याचं बोललीस ना, तेव्हा मी नुसता हसलो."

बोलला आणि थांबला. मीही थांबले. तो "हसलो" म्हणाला होता, "फसलो" नव्हे. स्वच्छ, दोन्ही ओठांनी. त्याचा हात डाव्या गालावर गेला, हळूच, नळाला गळती आहे का बघावं तसा.

दुइलियो उठून उभा राहिला. त्याच्या हातात ते हॅम होतं. इओलेने नुकतंच दिलेलं. म्हणाला, "सेकोन्दो, शीळ घाल."

"आता?"

"घाल म्हणतो ना, डुकरा!"

सेकोन्दोने ओठ पुढे केले. आधी फूऽ आलं. मग पुन्हा फूऽ. आणि मग एक बारीकसा सूर निघाला, थरथरता, बेसूर, मांजराच्या पिल्लासारखा. दुइलियोने ते हॅम माझ्या मांडीवर आदळलं आणि माझ्या नवऱ्याला मिठी मारून लहान पोरासारखा रडायला लागला. "तुझ्या त्या तिर्रीने मला बरबाद केलं रे," असं काहीबाही बडबडत होता. इओलेने न विचारता सेकोन्दोपुढे कॉफी ठेवली. तो प्यायला. डाव्या बाजूने एक थेंब ओघळला, तो त्याने बाहीने पुसला आणि म्हणाला, "इओले, कॉफी जळकी आहे." म्हणजे माणूस खरंच ताळ्यावर आला.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं आणि तो मफलर न घेता निघाला. मी ओरडले, "मफलर घे, वारं लागेल!" तो परत आला, मफलर घेतला, गेला. घर माझं, रेडिओ माझा, खुर्ची माझी. मी रेडिओ लावला, बंद केला. यंत्र काढलं आणि रजईवर अस्वलाबरोबर डाव मांडला. अस्वल अजूनही टोपी सावरत होतं. मी त्याला जिभेचं टोक दाखवलं, गुलाम होता ना माझ्याकडे. मेल्याने बघितलंच नाही. मी हरले. "छान खेळलात!" म्हणे. "तुझं तोंड जळो," मी म्हटलं.

दिवे लागायच्या सुमाराला कोपऱ्यावरून शीळ आली. अर्धी हवा, अर्धा सूर. मी उठले, खिडकीपाशी गेले, कडीला हात लावला. मग हात मागे घेतला आणि अंधारात उभी राहिले, श्वास रोखून. त्याने पुन्हा शीळ घातली, आणखी मोठ्याने. खिडकी मी लगेच उघडली नाही.